मुलगा गॅदरिंगला हललाच नाही, डान्स क्लास लावू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, मोबाईलवरची वीसेक गाणी तोंडपाठ, पण बोलताना दोन-तीन शब्दांच्या पुढे गाडी जात नाही, आणि गॅदरिंगला बाकीची पोरं नाचत असताना हा स्टेजवर नुसता उभा राहिला. त्यावर टीचर म्हणाल्या की ह्याला रिदमचा सेन्सच नाही, डान्स क्लासला घाला. आता क्लास लावायचा का, आणि गाणं-नाच ह्याने खरंच मुलांचा काही विकास होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं लहान मुलांबरोबर काम करतेय, आधी गावाकडे अंगणवाडीत आणि नंतर शहरात स्वतःची बालवाडी. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, साडेतीन वर्षांच्या मुलाला रिदम नाही असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. त्याच्याकडे ठेका आहे, फक्त तो स्पीकरवरच्या ठेक्याशी जुळत नाही, आणि ह्या वयात तो जुळत नसतोच. दोन-तीन वर्षांच्या मुलासमोर गाणं लावलं की ते हलतं, डुलतं, गुडघे वाकवतं, पण नीट बघा, ते गाण्याच्या ठेक्यावर नाही, स्वतःच्या ठेक्यावर हलत असतं, आणि तो ठेका आपल्यापेक्षा बराच फास्ट असतो. बाजारात त्याचं बोट धरून चाला, तुमच्या एका पावलात त्याची दोन पावलं पडतात, मग आपल्या चालीच्या गाण्यावर त्याने हलावं ही अपेक्षा कुठून येते? बाहेरच्या ठेक्याशी स्वतःला जुळवून घेणं साधारण चारच्या आसपास सुरू होतं आणि नीट जमायला त्यापुढेही काही वर्षं जातात. त्यामुळे ह्या वयात मोठ्यांनी मुलाच्या ठेक्यावर यायचं असतं. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार विचाराल तर ते हेच आहे, बाकी खाली जे लिहितेय ते ह्याचंच स्पष्टीकरण समजा.

एका मुलाचं सांगते. तीन वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झालेले तेव्हा माझ्याकडे आला, दीड महिना तोंडातून शब्द नाही, दाराजवळ चपलांच्या रॅकपाशी बसून राहायचा. गाणी चालू असली की बघायचा पण हलायचा नाही. एक दिवस खाऊच्या वेळी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बोटाने वाजवत होता, टक टक टक, मग थांबून टक टक. झाकणावर हत्तीचं स्टिकर होतं, अर्धं निघालेलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. मी चार हात लांब बसले होते, त्याच्याकडे न बघता माझ्या डब्यावर तसंच वाजवलं. तो थांबला, मीही थांबले. त्याने परत वाजवलं, या वेळी वेगळं, मी पण तेच वाजवलं. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे बघून वाजवलं. मग मी मुद्दाम शेवटचा एक टक खाल्ला, तर त्याने आपलं झाकण जोरात आपटून तो राहिलेला टक पूर्ण केला आणि मला म्हणाला, "असं." माझ्या वर्गातला त्याचा तो पहिला शब्द. त्या दिवशी मी गाणं लावलं नव्हतं, नाच शिकवला नव्हता, फक्त त्याचं ऐकून त्याला उत्तर दिलं होतं.

बोलणं म्हणजे तरी काय असतं, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने थांबायचं, ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. ही पाळी घेण्याची सवय शब्दांच्या आधी अंगात यावी लागते, आणि ती आणायला टाळी, डबा, झोका, हातात हात ह्यांच्याइतकं सोपं साधन मला तरी आजवर दुसरं सापडलेलं नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना हे बरोबर माहीत होतं. आपडी थापडी घ्या, दोन माणसं समोरासमोर, हातावर हात, आणि शेवटी कान धरायचे आहेत हे मुलाला माहीत असतं म्हणून ते आधीपासूनच खिदळायला लागतं, म्हणजे पुढे काय येणार ह्याचा अंदाज बांधणं आलं. इथे इथे बस रे मोरा मध्ये तळहातावर बोट टेकवत टेकवत न्यायचं, स्पर्श, शब्द आणि ठेका तिन्ही एका वेळी. आजी दोन्ही पायांवर बाळाला बसवून वर-खाली झोका देते तेव्हा आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा कामाला लागते, मान आणि पाठ स्वतःला सावरायला शिकतात, आणि वर आजीचा चेहरा समोर असतोच. वाळे घालायचे ते काय नुसते दागिना म्हणून नाही हो, बाळ पाऊल टाकतं, छुम वाजतं, परत टाकतं, परत वाजतं, आपल्या हलण्याने आवाज होतो हे त्याला स्वतःच्या पायातून कळतं.

ह्याला संशोधनाचा आधार आहे का असं पालक मला नेहमी विचारतात, तर आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीचा २००५ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. सात महिन्यांच्या बाळांना एक सपाट ठेका ऐकवला, कुठेच जोर नसलेला, सहा मात्रांचा. काही बाळांना त्यावर दर दुसऱ्या मात्रेला उचलून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या मात्रेला, म्हणजे आपला दादरा असतो तसं तीन-तीनमध्ये. मग नंतर जोर दिलेले दोन ठेके ऐकवले, तर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं त्याला तसाच ठेका जास्त वेळ ऐकावासा वाटला. म्हणजे बाळाने ठेका कानाने नाही, अंगाने ऐकला. आणि पुढचं तुमच्या मोबाईलच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे, काही बाळांना झुलवलं नाही, फक्त समोरच्या माणसाला झुलताना बघू दिलं, तर त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. नुसतं बघून चालत नाही, स्वतःचं अंग हलावं लागतं.

तिथलाच पुढचा प्रयोग २०१४ चा, चौदा महिन्यांच्या मुलांचा. मुलाला कुणीतरी छातीशी बांधून गाण्यावर झुलवायचं आणि समोर दुसरी बाई उभी, ती एक तर त्याच्याच तालात झुलणार नाहीतर मुद्दाम तालाबाहेर. नंतर तिच्या हातून वस्तू चुकून पडल्यासारख्या करायच्या. जी बाई बरोबरीने झुलली होती तिला मुलांनी वस्तू उचलून द्यायला जास्त मदत केली. चौदा महिन्यांची पोरं! झिम्मा-फुगडी घालणाऱ्या बायकांमध्ये जी माया होते ती उगाच नाही होत.

आता तुमच्या मुलाला वीस गाणी पाठ आहेत आणि वाक्य येत नाही, ह्याचं तुम्हाला कोडं पडलंय. मला त्यात कोडं वाटत नाही. मोबाईल थांबत नाही ना. मूल अर्धी ओळ म्हणून अडखळलं तरी गाणं पुढे जातं, मुलाने "परत" म्हटलं तर मोबाईलला कळत नाही, त्याने शब्द बदलला तर त्याला हसू येत नाही. गाणं पाठ होतं पण ते एक लांबलचक आवाज म्हणून पाठ होतं, त्यातला कुठला तुकडा काढून "आई, पाणी दे" सारखा वापरायचा हे त्यातून कळत नाही. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तर तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी आणि त्यातला निदान एक तास चांगलं धावणं-उड्या मारणं असावं असं आहे, स्क्रीन मात्र जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. दोनच्या खालच्यांना स्क्रीन नकोच. तुम्ही एकदम बंद करू नका, रडारड होईल आणि तुम्हीच हरल्यासारखं वाटेल, त्याला आवडणारं एकच गाणं घ्या, मोबाईल आत ठेवा आणि ते तुम्ही स्वतः म्हणा, ओळीचा शेवटचा शब्द गिळा आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबा. पाच सेकंद थांबा, दहा थांबा, आपल्याला ते फार वाटतं पण त्याला तेवढा वेळ लागतो. शब्द आला की पुढची ओळ.

तुमचा आवाज चांगला नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याची अजिबात काळजी करू नका, मुलाला आईचा आवाज पोटात असल्यापासून माहीत आहे, गरोदरपणाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाला ऐकू यायला लागतं. फक्त एक बारीक गोष्ट सांगते जी बऱ्याच शिक्षिकांनाही सांगावी लागते, आपण बायका खालच्या पट्टीत गायला लागतो, पेटीच्या खालच्या सप्तकातल्या काळी चार, काळी पाचला सा धरून, आणि मुलांचा गळा तिथे उतरत नाही, मग ती नुसती ओरडतात आणि आपण म्हणतो बेसूर आहेत. मी पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनला सा घेते आणि चार-पाच सुरांच्या पलीकडे जात नाही, तेवढ्यात मुलं मोकळी गातात. सिनेमाची गाणी ह्यासाठीच लहान मुलांना झेपत नाहीत, वर-खाली फार जातात आणि पळतात पण फार.

मोझार्ट ऐकवलं की मूल हुशार होतं हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, तेही मिटवून टाकू. तो मूळ अभ्यास १९९३ चा आहे, अमेरिकेत ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला, दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर एका प्रकारच्या आकृत्यांच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त मार्क पडले आणि तो फरक दहा-पंधरा मिनिटंच टिकला. लहान मुलं त्यात नव्हतीच. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने तिथल्या नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवायची योजना आणली आणि मग सीड्यांचा बाजार सुरू झाला. शास्त्रीय संगीत घरात जरूर असू द्या, आमच्याकडे सकाळी असतं, पण बुद्धीचं टॉनिक म्हणून नको.

बोलण्याकडे परत येते. मी रोज हजेरी टाळीने घेते. प्रत्येकाचं नाव अक्षरागणिक टाळी देऊन, म-यू-री तीन टाळ्या, ओम एक टाळी की दोन ह्यावर वर्गात दरवर्षी भांडण होतं आणि ते भांडण मी मिटवत नाही, कारण तेव्हा मुलं स्वतःच्या कानाने शब्द फोडून बघत असतात. शब्दाचे असे तुकडे होतात हे ज्या मुलाला टाळीतून कळलेलं असतं त्याला पुढे फळ्यावर अक्षर बघून वाचणं सोपं जातं, तुकडे आधीच अंगात बसलेले असतात ना. मग पावलांनी करायचं, नावात जितकी अक्षरं तितक्या उड्या. तुमच्या मुलाचं नाव, बाबाचं नाव, कुत्र्याचं नाव, भाजीची नावं, जिना चढताना पायरीला एक अक्षर, काहीही चालेल.

आणि आता थांबणं. नाचापेक्षा नाच थांबवणं मला जास्त मोलाचं वाटतं. ढोलकी वाजतेय तोवर चालायचं, थांबली की जागेवर स्टॅच्यू, एवढा साधा खेळ, पण तीन वर्षांच्या मुलाला तो किती कठीण जातो ते बघा, अंग पुढे जायला निघालेलं असतं आणि डोकं म्हणतं थांब. ही जी स्वतःला आवरण्याची ताकद आहे ना, तीच पुढे रांगेत उभं राहताना, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं न हिसकावताना, प्रश्न पूर्ण ऐकून मग उत्तर देताना लागते. नुसतं "शांत बस" म्हणून ती येत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, सगळ्यांना ढकलायची, तिला मी ढोलकी थांबवायचं काम दिलं, ती हात वर करेल तेव्हा ढोलकी बंद. पहिले काही दिवस नुसती गंमत म्हणून दर दोन सेकंदांनी थांबवत होती, मग हळूहळू लांबवायला लागली, सगळ्यांना ताटकळत ठेवायला लागली आणि ते करताना स्वतः श्वास धरून उभी असायची. ढकलणं कमी झालं, एकदम बंद नाही, पण कमी झालं.

हालचालींचं वयही लक्षात घ्या. दोन्ही पाय एकदम उचलून उडी साधारण दोन-अडीचला येते, एका पायावर उडी चारच्या आसपास, म्हणून लंगडी त्याआधी नको, मूल पडतं आणि नाद सोडतं. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, हत्तीसारखं जड, सशासारखं हलकं, हे तीन वर्षांच्याला भरपूर झालं. झिम्म्यासारखी आडवी टाळी, उजवा हात समोरच्याच्या उजव्याला, त्यात हात स्वतःच्या अंगाची मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो, ते लगेच जमत नाही, पाचच्या पुढे जमतं, आणि ज्यांना ते जमतं त्यांचा पेन्सिल धरलेला हातही कागदावर डावीकडून उजवीकडे सहज सरकतो असं मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

हे सगळं नवीन नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका ह्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला तेव्हापासून गाणं, नाच, बागडणं हा बालशिक्षणाचा भाग मानला गेलाय. ताराबाईंनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, बिया, पानं, शंख-शिंपले असली साधनं आणि त्यांच्याच ओळखीची गाणी घेऊन. त्या भागात तारप्यावरचा नाच ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, दुधी भोपळ्याचा तो तारपा वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळीने फिरतात, तो चाल बदलतो तशी पावलं बदलतात, आणि साखळीच्या शेपटाला लहान पोरं लटकलेली. त्यांना कुणी स्टेप शिकवत नाही. शेजारच्याच्या कमरेतून ठेका हातात येतो आणि हातातून पायात उतरतो, दमलं की पोर सुटून बाजूला बसून बघतं, वाटलं की परत जोडून घेतं. त्या बसून बघणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही तुला सेन्स नाही का म्हणून.

म्हणून गॅदरिंगचं मला वाईट वाटतं. दीड-दीड महिना एकाच गाण्याची प्रॅक्टिस, समोर भलामोठा स्पीकर, डोळ्यावर लाईट, अंगाला टोचणारा ड्रेस, आणि चार मिनिटांत सगळं एकसारखं व्हायला पाहिजे. तुमचा मुलगा उभा राहिला ते मला शहाणपणाचं वाटतं, एवढ्या गोंधळात तो आधी बघून घेत होता. बघणं हाही भाग घेणंच असतं. अशी मुलं बहुतेक वेळा दोन दिवसांनी घरी आरशासमोर सगळा नाच करून दाखवतात, तुमच्याकडे तसं झालं का ते आठवून बघा.

डान्स क्लास मी तरी आत्ता लावणार नाही. लावायचाच असेल तर आधी जाऊन एक तास बसा, मुलं रांगेत आरशाकडे तोंड करून मोजणीवर स्टेप करत असतील तर परत या, गोल करून, जमिनीवर, बाई स्वतः मुलांमध्ये खेळत असतील आणि एखादं मूल कोपऱ्यात बसलं तरी चालत असेल तर घाला.

पण एक गोष्ट मी कळकळीने सांगते, ती उद्यावर टाकू नका. साडेतीनला दोन-तीन शब्दांच्या पुढे वाक्य नसेल तर आधी कान तपासून घ्या. गाण्यावर हलतो म्हणजे त्याला नीट ऐकू येतं असं नसतं, ढोलाचा दणका पोचतो आणि स, श, फ सारखे बारीक आवाज निसटतात असं होऊ शकतं, वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठणाऱ्या मुलांमध्ये तर मी हे बऱ्याचदा पाहिलंय. ऑडिओलॉजिस्टकडे जा, मग स्पीच थेरपिस्टला दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते आणि पुढच्या तपासणीसाठी पाठवते. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, कान आणि बोलणं ह्याच कामाची. हाक मारल्यावर तो वळत नसेल, नजर देत नसेल किंवा आवाजाने कान घट्ट झाकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. गाणं आणि खेळ ह्याच्या जोडीला चालतात, ह्याच्याऐवजी नाही.

तोवर घरी एक करा. तुमच्याकडे भाकरी होते असं तुम्ही लिहिलंय. थापताना त्याला ओट्याजवळ स्टुलावर उभं करा, गॅसपासून लांब, आणि पिठाचा एक छोटा गोळा त्याच्यापुढे परातीत ठेवा. तुम्ही थापा, थप थप थप. तो सुरू करेल, त्याचा वेग वेगळा असेल, तुम्ही तुमचा सोडून त्याच्या वेगावर या. भाकरी जाडी राहिली तर राहू दे. तो थांबला की तुम्हीही हात थांबवा आणि परत कधी सुरू करायचं ते त्याला ठरवू द्या. रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. मग काय झालं ते इथेच लिहा, आणि कानाचा रिपोर्ट आला की तोही कळवा.